कासार सिस्टरांची सकाळची रांग

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कासार सिस्टर एका धिप्पाड माणसाला शेवग्याच्या शेंगांची आमटी कशी करायची ते सांगत होत्या. माणूस बाकावर बसला होता. हात मांडीवर, तोंड घट्ट मिटलेलं, कानापासून हनुवटीपर्यंत जुन्या वाराची खूण. तो नुसता मान डोलवत होता. "गूळ सगळ्यात शेवटी," सिस्टर बजावत होत्या. "आधी घातलात तर आमटी होत नाही, काकवी होते. नुसत्या माना डोलवू नका, लक्षात ठेवा. आणि गिळू नका." हे शेवटचं वाक्य आमटीबद्दल नव्हतं, गोळीबद्दल होतं, ते मला नंतर कळलं.

ब्राउन शुगरच्या नशेतून सुटू पाहणाऱ्या माणसाला आमच्या केंद्रात एक गोळी देतात. नर्स ती चुरून त्याच्या जिभेखाली ठेवते आणि ती विरघळेपर्यंत त्यानं तोंड मिटून बसायचं असतं. बोललं, गिळलं, थुंकलं की गोळी वाया. ती घरीही नेता येत नाही, रोज सकाळी येऊन नर्सच्या डोळ्यांसमोर घ्यावी लागते. समोरचा माणूस उलट बोलू शकत नाही अशी संधी पुण्यात कुणाला सहसा मिळत नाही. सिस्टरांना ती रोज सकाळी रांगेनं मिळत असे, आणि त्या तिचं सोनं करत. नळाला पाणी न येणं, कसब्यात लोकांनी आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या, स्वतःचा गुडघा, महाग झालेली कोथिंबीर, कशावरही त्या बोलत. "माझं म्हणणं कुणी मध्येच न तोडता ऐकून घेतंय हे सुख मला लग्नानंतर थेट इथेच मिळालं," असं म्हणत. बाकावर बसलेली माणसं, त्यांत कुणी खिसेकापू, कुणी मारामारीत आत जाऊन आलेला, ओठ दाबून हसत. हसू फुटून गोळी बाहेर आली तर सिस्टर परत त्यांच्यावरच डाफरत.

स्वारगेटजवळच्या एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला आमचं केंद्र आहे. मी तिथे समुपदेशक म्हणून लागलो तेव्हा यवतमाळहून नुकताच आलो होतो. माझं नाव सिस्टरांनी एकदाच विचारलं आणि कधीच वापरलं नाही. "अहो यवतमाळ, जरा इकडे या," हीच माझी हाक. पण गोळीसाठी येणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यांना पाठ, आणि त्या नावापुढे राव किंवा भाई लावल्याशिवाय त्या हाक मारत नसत. एकदा आमचा नवा वॉचमन रांगेवर ओरडला, "ए, लायनीत ऱ्हावा!" सिस्टरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "इथे ए नावाचं कुणी येत नाही. अहो म्हणून बघा, कुणीतरी वळेल." तेव्हापासून आमचा वॉचमन सगळ्या दवाखान्यात अदबीनं बोलणारा म्हणून ओळखला जातो.

सिस्टर कसबा पेठेतल्या. त्यांच्या माहेरचं बांगड्यांचं दुकान अजून चालू आहे, भाऊ बघतो. माहेर कासारांचं आणि सासरचं आडनावही कासारच, त्यामुळे लग्नात माझं काहीच बदललं नाही, फक्त स्वयंपाक वाढला, असं त्या सांगत. लहानपणापासून त्यांनी दुकानात बसून बायकांना बांगड्या भरल्या होत्या. बांगडी भरताना कासार हात नुसता धरत नाही, आधी जरा चोळून सैल करतो, काहीतरी बोलत राहतो आणि बाईचं लक्ष बोलण्याकडे गेलं की बांगडी अलगद मनगटावर गेलेली असते. सिस्टर रक्त काढायच्या तेही तसंच. सुया टोचून टोचून ज्यांच्या शिरा लपून बसल्या आहेत अशा माणसांचा हात त्या हातात घेत, चोळत, कुठल्या तरी लग्नाची हकीकत सांगत आणि त्या बिचाऱ्याला वरपक्ष कुठल्या गावचा हे कळायच्या आत रक्त नळीत आलेलं असे. मी अनेकदा बघितलं आहे, पण हात कधी थांबतो आणि सुई कधी जाते ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र त्या करत नसत. काल का आला नाहीत, असं विचारत नसत. मी शिकलोच होतो ते विचारायला. खाडा झाला की कारण विचारायचं, समजावायचं, पुन्हा वचन घ्यायचं. एकदा मी एकाला असाच कोपऱ्यात घेऊन बसलो होतो, तर सिस्टर आल्या. "यवतमाळ, काल गेला. तुम्ही त्याची एवढी विचारपूस केलीत म्हणून तो परत येणार आहे का? हे आज आलेत ना, मग आजचं बघू. चला हो, तोंड उघडा." त्या माणसानं माझ्याकडे अपराधी नजरेनं पाहिलं आणि तोंड उघडलं.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण तुरुंगातून सुटलेले असतात. एकाच सुईनं नशा करता करता त्यांच्यातल्या कित्येकांना एचआयव्ही झालेला असतो. आत असेपर्यंत दोन्ही उपचार नीट चालतात. खरी परीक्षा सुटल्यावर. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर माणूस पूर्वीइतकीच नशा करायला जातो आणि तेवढ्यानंच मरतो. म्हणून सुटल्यावरचे पहिले काही दिवस गोळी चुकता कामा नये. आणि एचआयव्हीच्या गोळ्या तर एक दिवसही सोडायच्या नाहीत, सोडल्या की पुढे त्या लागूच पडेनाशा होतात. हे सगळं मी आत जाऊन समजावत असे. रंगीत तक्ते केले होते. सगळे माना डोलवत. आणि सुटताना एचआयव्हीच्या महिन्याभराच्या गोळ्यांची बाटली आतच ठेवून बाहेर येत.

याचं कारण मला फार उशिरा समजलं. तुरुंगातली रीतच आहे तशी. सुटणाऱ्यानं आतलं काही बाहेर न्यायचं नाही. ताट, चादर, साबण, चप्पल, सगळं मागे राहणाऱ्यांना वाटून टाकायचं, गेटबाहेर पडलं की मागे वळून बघायचं नाही. आतली वस्तू घरात आली की माणूस पुन्हा आत जातो. मग औषधाची बाटली तरी कोण आणणार? मी हे सिस्टरांना चिडून सांगितलं. अंधश्रद्धा वगैरे शब्द वापरले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मयताला जाऊन आलात की दारात पाय धुता ना? यवतमाळला धुतात की नाही?" मी म्हटलं, धुतात. "मग झालं. त्यांनी पण धुतले."

त्यांनी आमच्या डॉक्टरांना गाठलं आणि तेव्हापासून नवी पद्धत सुरू झाली. सुटणाऱ्या माणसाची बाटली आत द्यायचीच नाही. कोण कधी सुटणार ते कळलं की सिस्टर, किंवा त्यांना जमलं नाही तर मी, तुरुंगासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं. माणूस बाहेर आला की त्याला चहा पाजायचा आणि मग बाटली द्यायची. तीही त्यांच्या भावाच्या दुकानातल्या बांगड्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्यात, वर दुकानाचं नाव छापलेलं. "ही आतली नाही," सिस्टर सांगत. "ही कसब्यातली आहे. उद्या सकाळी या. उशीर केलात तर वाट बघीन आणि मग दिवसभर तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल." लोक डबा कपाळाला लावून नेत. दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांची संख्या वाढली हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. माझे तक्ते अजून कपाटात आहेत.

संतोषच्या वेळी मात्र हे सगळं फसलं. संतोष हिंजवडीजवळच्या एका गावातला. वडिलांनी जमीन विकली, घरात एकदम पैसा आला, गाडी आली, मित्र आले आणि मित्रांबरोबर पुडी आली. पैसा संपल्यावर तो बांधकामांवरच्या तांब्याच्या तारा चोरायला लागला. त्यानंतर आत-बाहेर, आत-बाहेर. एचआयव्ही असल्याचं आतच कळलं होतं. माणूस गोड. आत असला की शहाण्यासारखा गोळ्या घ्यायचा, सुटला की गायब व्हायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा आत भेटायचा, अधिक वाळलेला. शेवटच्या वेळी डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "आता आणखी एकदा सोडल्यास, तर या गोळ्या तुझ्यासाठी कामाच्या राहणार नाहीत." तो म्हणाला होता, "न्हाई सोडणार, सर." प्रत्येक वेळी तो तेच म्हणायचा आणि तेव्हा ते खरंही असायचं.

त्याचा जामीन अचानक झाला. आम्हाला कळलं तोवर उशीर झाला होता. सिस्टर टपरीवर पोचल्या, तर टपरीवाल्यानं सांगितलं, एक जीप आली होती, त्याची आई आणि पाहुणे होते, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष आला नाही. रांग संपली तरी सिस्टर खिडकीत बसून होत्या. मग उठल्या, अ‍ॅप्रन काढून खुर्चीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुमची ती स्कूटर चढावर चढते का?"

वाटेत त्यांनी मला कसब्यात दुकानासमोर थांबायला लावलं आणि आतून बांगड्यांची पेटी घेऊन आल्या. मला काही कळेना. "अहो, नर्स दारात आली की गल्ली आजाराचं नाव विचारते," त्या म्हणाल्या. "कासारीण आली की बायका हात पुढे करतात. आणि मी काही सोंग करत नाहीये. आहेच मी कासारीण." हिंजवडीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसमागे बस उभ्या होत्या. पेटी मांडीवर धरून सिस्टर माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं, पण सगळ्यांना एकाच वेळी एकाच रस्त्यावर यायचं कुणी शिकवलं?"

काचेच्या इमारतींच्या मागे गाव होतं. संतोषच्या घरी ओसरीत त्याची आई भागाबाई बसली होती, कडक, उन्हानं रापलेली, पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा. आतल्या खाटेवर भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून संतोष पडला होता. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, पाय अंगाशी ओढलेले. नशा तुटल्यावर अंग मोडून काढणारी ही अवस्था, तिला आमचे लोक टर्की म्हणतात. टर्की सोसवली नाही की माणूस उठतो आणि अड्ड्यावर जातो. संतोष कुठल्याही क्षणी उठला असता. मला ते दिसत होतं आणि माझा जीव वरखाली होत होता.

"बांगड्या भरायच्या का, सूनबाईंना?" सिस्टर उंबऱ्यावर टेकत म्हणाल्या. "आणि हे कोण?" भागाबाईनं माझ्याकडे बोट केलं. "माझा भाचा. वऱ्हाडातला आहे. जास्त बोलत नाही." मी जास्त बोललो नाही. संतोषची बायको वैशाली पुढे आली, तिनं सिस्टरांना ओळखलं असावं, पण नजर खाली ठेवली आणि हात पुढे केला. सिस्टरांनी तो हातात घेतला, चोळला, उकाड्याबद्दल काहीतरी बोलू लागल्या. पण नजर सारखी आत खाटेकडे जात होती. आणि तेवढ्यात सवयीनं त्यांची बोटं वैशालीच्या मनगटावर जाऊन थांबली आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ त्या बघायला लागल्या.

भागाबाई बघत होती. "कासारीणबाई," ती म्हणाली, "आमच्यात बी बांगड्या भरायला येत्यात बाया. नाडी कुणी बघत न्हाई."

मला वाटलं, आता हाकलतात. सिस्टर एवढ्या गोंधळलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, त्यांच्या हातातली बांगडी खाली पडून फुटली. भागाबाईनंच तुकडे गोळा केले. "तुमी त्या गोळीवाल्या ना? म्हाईत हाय मला. त्याला काय झालंय त्ये बी म्हाईत हाय, त्यो सांगत न्हाई म्हणून मी इचारत न्हाई." मग ती हळू आवाजात म्हणाली, "ह्याचा बाप गेला तवा ह्यो आत व्हता. खांदा चुलत्याच्या पोरानं दिला. त्या दिशी मी देवाला येवढंच मागितलं. मी जाईन तवा ह्यो भाईर पायजे. स्वतःच्या पायावर हुबा पायजे. दुसरं काय बी नको."

"मग औषध?" सिस्टरांनी विचारलं. "आतली वस्तू मी घरात घिणार न्हाई. आतल्या वस्तूनं त्यो परत आत जातुया." मी तोंड उघडलं. याआधी तो एकदाही गोळ्या घेऊन आला नव्हता आणि तरीही आत गेला होता, एवढं साधं गणित मला मांडायचं होतं. सिस्टरांनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. "अगदी बरोबर आहे तुमचं, आक्का," त्या म्हणाल्या. "आतली वस्तू नकोच. हा बघा, आमच्या दुकानाचा डबा. तुरुंगाची पायरी चढलेला नाही." भागाबाईनं डबा हातात घेतला, उलटसुलट केला, वरचं नाव सुनेकडून वाचून घेतलं. मग आत जाऊन देव्हाऱ्यात ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्यातली पहिली गोळी स्वतःच्या हातानं लेकाला दिली. सिस्टर म्हणाल्या, "ही झाली घरची. आता दुसरी गोळी आमच्याकडे, तीही रोज." "रोज?" "देवाला दिवा रोजच लावता ना? गाडी बघा, आत्ता निघायचं. स्कूटरवर तिघं बसत नाहीत."

त्या दिवसापासून भागाबाई लेकाला घेऊन रोज यायला लागली. दोन बस बदलून. संतोष तोंड मिटून बसला की सिस्टर आणि भागाबाई त्याच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत. सांडग्यांना तिखट किती, पुण्याची माणसं पाणी विचारत का नाहीत, यावर त्यांची चांगली खडाजंगी होई, आणि संतोष मध्ये बसून बिचारा दोन्हीकडे बघत राही. पुढे तो एकटा यायला लागला. एकदोनदा काही दिवस आला नाही, मग परत आला, खाली मान घालून. सिस्टरांनी काही विचारलं नाही. त्याला एका कंपनीच्या बागेत माळ्याचं काम मिळालं, तेही नेमकं त्यांची जमीन होती तिथेच. "आमच्याच रानाला पानी घालतोय, सिस्टर," तो हसून सांगायचा, "फकस्त आता गवताला." त्याच्या रक्तात विषाणू सापडेनासे झाले तेव्हा तो पेढे आणतो म्हणाला. "पेढे नकोत, दाढी करून या," सिस्टर म्हणाल्या. पण त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाला त्यांनी ती बातमी संतोषच्या परवानगीनं सांगितली, कुणाला दोन दोनदा.

दोन-एक वर्षं अशी बरी गेली. मग एके सकाळी आम्ही कुलूप उघडत होतो तेव्हा संतोष पायरीवर बसलेला दिसला. "आई गेली, सिस्टर. पहाटं. पावनं यायचं हायेत अजून. गोळी घिऊन जातो, मंग उचलायचं." घरात आईचा देह ठेवून तो दोन बस बदलून आला होता. सिस्टर तशाच आत गेल्या. त्यांनी कपाट उघडलं. त्या दिवशीची रांग दुसऱ्या सिस्टरांवर सोपवून आम्ही दोघं दुपारी गावात गेलो. तिरडीला पुढचा खांदा संतोषचा होता. तो ताठ चालत होता, हात कुठेही थरथरत नव्हता, आणि स्मशानापर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही. मी म्हटलं, "सिस्टर, भागाबाईंच्या मनासारखं झालं हो." "झालं ना? मग तुम्ही रडताय कशाला?" असं म्हणून त्यांनी मला रुमाल दिला आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले. या बाईबरोबर काम करायला मिळालं याचं मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं. उद्या वेळेवर या."

आता त्या निवृत्त झाल्या आहेत, कसब्यातल्या दुकानात बसतात आणि आम्हाला नव्या सिस्टरांबद्दल सूचना पाठवतात. त्यांची आठवण निघाली की मला मात्र त्या अंत्ययात्रेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. संतोष आला होता, पण रांगेत उभा राहिला नाही. भिंतीला टेकून, सगळ्यांपासून लांब उभा होता. बराच वेळ झाला तरी पुढे येईना. सिस्टरांनी हाक मारली तशी म्हणाला, "मला सुतक हाय, सिस्टर. शिवू नगा. लांबनंच द्या, कागदावर टाका, मी घितो."

सिस्टर खिडकीमागून उठून बाहेर आल्या. चुरलेली गोळी हातात घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि डाव्या हातानं त्यांनी त्याची हनुवटी धरली. "सुतक दाराबाहेर ठेवायचं, संतोषराव. जाताना न्या हवं तर. तोंड उघडा." त्यानं तोंड उघडलं. त्यांनी गोळी जिभेखाली ठेवली. त्याचे ओठ थरथरायला लागले. "आत्ता नाही," त्या म्हणाल्या, "वाया जाईल." आणि त्याचा हात हातात घेऊन, चोळत, त्या तिथेच भिंतीशी उभ्या राहिल्या. रांग थांबली होती, कुणी कुरकुरलं नाही. मग त्यांनी त्याची जीभ उचलायला लावली, खाली वाकून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. आता रडा."